आक्षेप क्रमांक सात

ऑडिटरनं लाल शाईत लिहिलं आहे:
‘सॉफ्टवेअर मोफत. तरी दरसाल अठ्ठेचाळीस हजार.
कशाचे? खुलासा करावा.’

खुलासा मी करायचा.
मी म्हणजे टेंभुर्णे, वरिष्ठ लिपिक,
तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा,
निवृत्तीला चौदा महिने.

आधीचं होतं ते कंपनीचं.
त्याला कुलूप, आणि किल्ली हैदराबादला.
दोनशे नावांची परवानगी;
दोनशे एकावं पोर आलं की
आधी पैसे, मग पोर.
दर वाढला की पत्र यायचं,
पत्रावर उत्तराचा पत्ता नसायचा.

मग विद्यापीठानं ठरवलं, उघडं घ्यायचं.
उघडं म्हणजे आतलं दिसतं.
मीही एकदा डोकावलो.
कंसात कंस, कंसात कंस,
सेवापुस्तकातल्या नोंदींसारखे.
चष्मा पुसून परत आलो.

दुसऱ्याच आठवड्यात काशीराम मडावी आला,
सायकलवर चोवीस किलोमीटर,
इस्त्रीचा सदरा, पिशवीत पाव किलो पेढे.
‘पोरीची नेमनूक लागली जी.
कोन्त्या खात्यात, तेवढं सांगा.’
मोबाईल पुढं केला.
पडद्यावर खरंच होतं:
तुमची नेमणूक रविवार रात्री बारापर्यंत.

असाइनमेंटचं कुणीतरी, कुठंतरी, घाईत
नेमणूक करून टाकलं होतं.

मी समजावलं.
त्याला समजायला वेळ लागला नाही,
मला सांगायला लागला.
पेढे त्यानं परत नेले नाहीत.
‘अभ्यास त अभ्यास,’ म्हणाला,
‘खाऊन घ्या जी.’
संध्याकाळपर्यंत त्या पुड्यावर फाईल ठेवली होती मी.

रेवता कापगतेला फोन लावला.
आमचीच विद्यार्थिनी, सोळा सालची,
साकोलीत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या,
तीन पोरं हाताखाली, सतरा कॉलेजं अंगावर.
मला वाटलं हसेल.
हसली नाही.
‘उघडं आहे ना सर, मग बदलता येतं.’
शब्द एक, जागा एकशे तेहतीस.
चार दिवसांनी तिथं ‘स्वाध्याय’ आला.
मग तिनं तो मुळाशी परत पाठवला,
म्हणजे आता कुठल्याच गावात
कुणी इस्त्रीचा सदरा घालून निघणार नाही.
हे तिच्या बिलात नव्हतं.

बिलात होती एक रात्र.
परीक्षेची. वीज गेली, आली,
सर्व्हर काही उठेना.
अकरा चाळीसला फोन पहिल्या घंटीला उचलला तिनं.
‘खालून दुसरा दिवा कसा आहे सर? लाल की पिवळा?’
मी वाकून बघितला, टॉर्च दातांत धरून.
आणि ती बोलत होती, हळू,
तापलेल्या लेकराच्या आईशी बोलावं तशी.
अकरा बावन्नला सुगंधा मडावीचा पेपर पोचला,
पुलाच्या कठड्यावरून,
रेंज तिला तिथंच मिळते.
वेळेची नोंद आहे. सहपत्र ‘क’.

तर खुलासा.
खिडकीतून तलावाची पाळ दिसते.
धान पोटरीत आलेला.
तुडूम मोकळं करून पाणकर उभा,
कुणाच्या बांधीत किती वेळ, सगळं त्याच्या डोक्यात.
पाणी कुणा एकाचं नाही.
रात्री दोनला बांध फुटला की
हाक मात्र त्यालाच जाते.
मळणी झाली की घरटी पायली
त्याच्या पोत्यात पडते,
आणि ती कशाची, हे आजवर
गावात कुणी विचारलेलं नाही.

मी लिहिलं:
पाणी फुकट, पाणकराला धान.

वाचलं. खोडलं.
ऑडिटर साहेब नागपूरचे, त्यांच्याकडं नळ आहे.

खाली लिहिलं:
‘देखभाल व साहाय्य यांपोटी, नियमानुसार.
आक्षेप वगळण्यात यावा, ही विनंती.’
सही. शिक्का. जावक क्रमांक.

पाकिटात घालताना दिसलं,
खोडलेली ओळ वाचता येते आहे.
कपाटात कोरे कागद होते,
अख्खं रीम होतं.

तोच कागद घातला.